कापसाच्या ढिगावरील हवा आणि तिच्यातील जिवाणूविष

दिवाळीनंतर परभणी जिल्ह्यातील काळ्या जमिनीच्या कोणत्याही गावी गेले असता एक दृश्य हमखास दृष्टीस पडते. वेचून आणलेला कापूस ओसरीवर, माजघरात, क्वचित झोपावयाच्या खोलीतही आढ्यापर्यंत रचलेला असतो. परभणी–परळी लोहमार्गावरील पोखर्णी हे गाव नृसिंहाच्या देवस्थानामुळे दूरवर परिचित आहे. परंतु कापसाच्या दिवसांत तेथील घरांचे चित्र इतर गावांहून निराळे नसते. कापूस घरात ठेवण्यास कारणही तसेच असते. २०२१-२२ च्या हंगामात कापसाचा भाव क्विंटलला दहा हजार रुपयांच्या वर गेला होता. पुढील हंगामातही तो तसाच चढेल या आशेने अनेक शेतकऱ्यांनी माल महिनोन्‌महिने घरात राखून ठेवला. भाव काही चढला नाही. कापूस मात्र उन्हाळ्यापर्यंत माणसांच्या शेजारी नांदला. अशा घरांतून अंगास खाज येणे, कोरडा खोकला लागणे, छाती भरून येणे या तक्रारी ऐकू येतात, आणि घरची माणसे त्या ‘कापसाची कुसर’ म्हणून सोडून देतात.

हवेतील धूळ तत्क्षणी मोजणारे एक लहानसे यंत्र घेऊन प्रस्तुत लेखक वेचणीच्या दिवसांत पोखर्णीस गेला होता. पहिल्या घरी कापूस चांगला वाळलेला होता. ढीग स्वस्थ असेपर्यंत यंत्रावरील आकडा फारसा हलला नाही. घरातील मुलाने पोत्यात भरण्यासाठी कापूस उपसण्यास आरंभ करताच मात्र तो पाहता पाहता अनेक पटींनी चढला, आणि दार उघडे असूनही बराच वेळ खाली आला नाही. कवडसा पडला होता, त्यात धूळ डोळ्यांनीही दिसत होती; तेव्हा यंत्राने काही नवे सांगितले असे म्हणता येणार नाही. दुसऱ्या घरी प्रकार उलट झाला. तेथील कापूस परतीच्या पावसात सापडलेला व ओलसर होता. ढिगात हात घातला तर आत ऊब लागत होती आणि कुबट वास येत होता. परंतु तो हलविल्यावरही यंत्र जवळजवळ गप्पच राहिले. घरधनी समाधानाने म्हणाले, “साहेब, आमच्या घरची हवा चांगली दिसते.”

वस्तुतः दोहोंपैकी अधिक काळजी करावयाची ती याच ढिगाची होती. यंत्र असे का फसले, आणि ज्या घातक पदार्थाचा शोध घ्यावयाचा तो पदार्थ कोणता, हे समजावून देणे हा या लेखाचा हेतू आहे.

विष कोठून येते

कापसाच्या झाडावर, विशेषतः बोंडाला बुडातून कवटाळून असणाऱ्या तीन दातेरी पानांवर, असंख्य सूक्ष्म जिवाणू वास करून असतात. पॅन्टोईआ ॲग्लोमेरन्स हा त्यांतील नित्य आढळणारा एक. झाड हिरवे असेपर्यंत त्यांची संख्या मर्यादित राहते. पान सुकू लागले, त्यावर दव वा पाऊस पडला, की ती झपाट्याने वाढते. पुढे हीच पाने ठिसूळ होऊन वेचणीच्या वेळी चुरतात व कापसाच्या तंतूंत अडकतात. ज्यास आपण पाचोळा किंवा कचरा म्हणतो त्याचा मोठा भाग हाच असतो.

डेन्मार्कमधील हान्स ग्राम या वैद्याने १८८४ मध्ये जिवाणू रंगविण्याची एक रीत शोधून काढली. त्या रीतीने जे जिवाणू मूळचा जांभळा रंग धरून ठेवीत नाहीत त्यांस ग्राम-ऋण असे म्हणतात. कापसावरील हे जिवाणू त्या गटातील होत. त्यांच्या बाह्य आवरणातच एक विषारी पदार्थ घडणीचा भाग म्हणून असतो. रिचर्ड फायफर या जर्मन शास्त्रज्ञाने १८९२ मध्ये पटकीच्या जंतूंचा अभ्यास करीत असता त्यास ‘एन्डोटॉक्सिन’, म्हणजे अंतर्विष, हे नाव दिले. जिवाणू ते बाहेर टाकीत नाही असे नाही; परंतु ते मुख्यतः जिवाणू मरून फुटल्यावर मोकळे होते. यातून एक गोष्ट निष्पन्न होते व ती शेतकऱ्याच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. ऊन दाखवून जिवाणू मारता येतात, त्यांचे विष नाहीसे करता येत नाही. रुग्णालयातील उपकरणे वाफेच्या दाबाखाली ज्या उष्णतेने निर्जंतुक करतात तिलाही हे विष दाद देत नाही. ते नष्ट करण्यास सुमारे २५० अंश सेंटिग्रेडची कोरडी उष्णता अर्धा तास द्यावी लागते. सडलेला कापूस पुन्हा वाळविला तर तो केवळ दिसण्यास वाळलेला असतो. पोखर्णीच्या त्या दुसऱ्या घरातील ढीग ओलसर होता म्हणून त्यातून धूळ उडत नव्हती. तोच ढीग माघ-फाल्गुनात कोरडा होऊन उपसला जाईल तेव्हा आज आत वाढत असलेल्या जिवाणूंचे विष धुळीच्या कणांवर स्वार होऊन बाहेर पडेल.

येथे एक खुलासा करणे इष्ट वाटते. कापूस आणि जिवाणूविष हे दोन शब्द एकत्र आले की पुष्कळांस बीटी कापसाची आठवण होते, आणि गोंधळात भर म्हणून बीटीमधील प्रथिनासही शास्त्रीय ग्रंथांतून पूर्वीपासून डेल्टा-एन्डोटॉक्सिन असे म्हटले गेले आहे. नामसादृश्यापलीकडे दोहोंचा संबंध नाही. बीटीचे प्रथिन बोंडअळीच्या आतड्यात काम करते. येथे ज्याचा विचार चालला आहे ते विष देशी, अमेरिकन, बीटी अशा कोणत्याही कापसावर, इतकेच नव्हे तर ज्वारीच्या कोठारात, सोयाबीनच्या मळणीत, गोठ्यातील कडब्यात आणि कोंबड्यांच्या खुराड्यातही असू शकते. इटलीतील रामाझ्झिनी या वैद्याने १७०० मध्ये कारागिरांच्या रोगांवर जो ग्रंथ लिहिला त्यात ताग-अंबाडीसारखे तंतू विंचरणाऱ्यांबरोबर धान्य चाळणाऱ्या व मापणाऱ्या माणसांच्या दम्याचाही विचार आहे. त्या काळी हे जिवाणूविष कोणास ठाऊक नव्हते. खोकला मात्र ठाऊक होता.

श्वासाबरोबर हे विष फुप्फुसात गेले म्हणजे शरीराचे रक्षक पेशीसमूह त्यास शत्रू समजून एकदम जागे होतात. त्यांनी सोडलेल्या द्रव्यांमुळे ताप येतो, अंग मोडून येते, श्वासनलिका आकसतात. हा संसर्ग नव्हे. एकापासून दुसऱ्यास तो होत नाही, आणि त्यावर जंतुनाशक गोळ्यांचा उपयोग नसतो.

गिरण्यांनी दिलेला धडा

या विकाराची खरी ओळख कापडगिरण्यांत पटली. आठवड्याच्या सुटीनंतर सोमवारी कामावर आलेल्या कामगाराची छाती दुपारपर्यंत आवळल्यासारखी होई, मंगळवारी त्रास कमी वाटे, शनिवारपर्यंत तो विसरलाही जाई आणि पुढील सोमवारी पुन्हा तेच. इंग्लंडातील लँकेशायर परगण्यातील गिरण्यांत रिचर्ड शिलिंग यांनी १९५० नंतरच्या दशकात या लक्षणांवरून रोगाच्या पायऱ्या ठरविल्या. प्रथम केवळ सोमवारी, नंतर इतर दिवशीही, आणि शेवटी फुप्फुसांची शक्ती कायमची उणावणे असा तो क्रम होय. या रोगास बिसिनोसिस म्हणतात. मुंबईच्या गिरण्यांतील कामगारांवर डॉ. एस. आर. कामत व त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच वर्षे अभ्यास केला व तो १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला; हा विकार आणि धूम्रपानादी कारणांनी होणारा दीर्घकालीन श्वासरोग यांतील भेद कसा ओळखावा हा त्याचा विषय होता. १९४८ च्या कारखाने कायद्यात सरकारला कळविणे बंधनकारक असलेल्या रोगांच्या यादीत बिसिनोसिसचे नाव होते. तो कायदा कारखान्याच्या भिंतीपलीकडे, शेतकऱ्याच्या ओसरीपर्यंत, पोहोचणारा नव्हता हे उघड आहे.

पोखर्णीतच एका वयस्कर बाईंशी बोलणे झाले. त्या अनेक हंगाम जिनिंग कारखान्यात कापूस साफ करण्याच्या कामावर गेल्या होत्या. यंत्र वगैरे त्यांनी काही पाहिले नव्हते. त्या म्हणाल्या, “बाजाराची सुटी घेऊन दुसऱ्या दिवशी कामाला गेलं की छाती धरते. मग दोन दिवसांनी सवय होते, साहेब.” शिलिंग यांचा सोमवार येथे बाजाराचा दुसरा दिवस होता, एवढाच फरक. ‘मावशी, ही सवय नव्हे,’ असे त्यांस सांगितले खरे. परंतु मजुरी बुडवून घरी बसा, असे सांगणे लेखकाच्या तोंडून निघाले नाही.

धूळ घातक आहे हे कळले, तरी धुळीतील नेमका कोणता अंश घातक हा प्रश्न पुष्कळ काळ वादाचा होता. १९६१ मध्ये मिलान येथील संशोधकांनी वनस्पतिजन्य धुळीच्या रोगांत जिवाणूंच्या अंतर्विषाचा वाटा असावा असे प्रतिपादन केले. निर्णायक म्हणता येईल असा पुरावा १९८७ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. कॅस्टेलन व त्यांच्या सहकाऱ्यांनी निरनिराळ्या ठिकाणचा कापूस प्रयोगाच्या खोलीत पिंजून त्या हवेत स्वयंसेवकांस बसविले व कामापूर्वी आणि नंतर त्यांच्या श्वासाची शक्ती मोजली. श्वासातील घट धुळीच्या वजनाशी जुळली नाही. ती हवेतील अंतर्विषाच्या प्रमाणाशी जुळली. धूळ तेवढीच असूनही एका कापसाने छाती आवळली, दुसऱ्याने आवळली नाही. या प्रयोगावरून एका घनमीटर हवेत सुमारे ९ नॅनोग्रॅम ही परिणामशून्य मर्यादा अनुमानिली गेली. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा शंभर कोटीवा भाग. नेदरलँड्सच्या आरोग्य परिषदेने २०१० मध्ये कामाच्या जागेसाठी ९० एकके ही जी मर्यादा सुचविली ती जवळपास तेवढीच आहे. याउलट अमेरिकेने १९७८ मध्ये सूतकताईच्या खात्यांसाठी जो नियम केला, तो घनमीटरला ०.२ मिलिग्रॅम धुळीचा आहे, विषाचा नाही. भारताने २००९ मध्ये हवेतील ज्या १२ प्रदूषकांची मानके ठरविली त्यांतही हे विष नाही.

यंत्रे काय सांगतात आणि काय सांगत नाहीत

अलीकडे बाजारात मिळणाऱ्या धूळमापक यंत्रात एक लेसर किरण असतो. पंख्याने ओढलेली हवा त्यापुढून जाते, कणांवर आदळून प्रकाश विखुरतो आणि त्यावरून कणांची संख्या व आकारमान अंदाजिले जाते. या संवेदकास, ज्यास व्यवहारात सेन्सर म्हणतात, मातीचा कण, चुलीचा धूर, पिठाची भुकटी आणि जिवाणू लागलेला पाचोळा हे सर्व सारखेच. धुक्याच्या सकाळी तर पाण्याचे थेंब व ओलाव्याने फुगलेले कण मोजून तो आकडा फुगवितो. यास्तव पोखर्णीतील यंत्राने जे केले ते त्याच्या स्वभावास धरूनच होते. त्यास धूळ विचारली, धूळ त्याने सांगितली.

याहून चतुर अशा यंत्रांत अतिनील प्रकाश वापरतात. सजीवांच्या पेशींतील काही द्रव्ये त्या प्रकाशात स्वतः चमकतात; त्या चमकेवरून कण मातीचा की सजीवापासून आलेला हे क्षणार्धात सांगता येते. तथापि परागकण, बुरशीची बीजुके आणि जिवाणू यांतील भेद त्यांस खात्रीने करता येत नाही, आणि मेलेल्या जिवाणूच्या आवरणाचे तुकडे, ज्यांत आपले विष असते, ते तर त्यांच्या दृष्टीतून सहज निसटतात. ही यंत्रे महाग असून मुख्यतः संशोधनसंस्थांतून वापरली जातात.

प्रत्यक्ष विष मोजण्याची रीत मोठी कौतुकाची आहे. घोड्याच्या नालेच्या आकाराचा एक प्राचीन सागरी प्राणी आहे. आपल्याकडे तो ओडिशाच्या किनाऱ्यावर आढळतो. त्याच्या निळ्या रक्तात या विषाचा अंश मिसळताच ते गोठते. फ्रेडरिक बँग यांनी हे १९५६ मध्ये पाहिले व पुढे जॅक लेव्हिन यांच्या साहाय्याने त्यातून परीक्षा तयार झाली. हल्ली त्या रक्तातील आवश्यक घटक प्राण्यास न दुखविता प्रयोगशाळेत बनविता येतो. कामगाराच्या कमरेस लहान पंप व गळपट्टीजवळ गाळणी अडकवून दिवसभर मिनिटास सुमारे दोन लिटर हवा ओढतात. गाळणीवरील धूळ विषरहित पाण्यात उतरवून ही परीक्षा करतात. उत्तर अचूक मिळते, पण ते काही दिवसांनी मिळते. तोवर तो कामगार घरी जाऊन ताप काढून पुन्हा कामावर आलेला असतो.

ही दोन टोके जोडण्याचा, म्हणजे हवा थेट पाण्यात ओढून तेथेच एखाद्या चकतीवर हीच प्रतिक्रिया घडवून विजेच्या संकेताने उत्तर मिळविण्याचा प्रयत्न शास्त्रज्ञ करीत आहेत. विष इतके सूक्ष्म प्रमाणात असते आणि हात, भांडी, पाणी यांवरही ते इतके सर्वत्र असते की चुकीचा संकेत टाळणे हीच मुख्य अडचण ठरते. कापसाच्या गोदामात भिंतीवर टांगून ठेवावे असे यंत्र अद्याप नित्य वापरात आलेले नाही, हे स्पष्ट सांगितलेले बरे. कारण ‘हवेतील जिवाणू दाखविणारे’ म्हणून साधे धूळमापक विकण्याचा मोह कोणासही होऊ शकेल.

मग धूळमापक निरुपयोगी आहे काय? तसे नाही. एकाच जिनिंग कारखान्यात हंगामात चार-सहा वेळा दोन्ही मोजण्या बरोबर केल्या, तर त्या मालाच्या धुळीत विषाचे प्रमाण किती याचा अंदाज बसतो, आणि पुढे धुळीच्या आकड्यावरून पंखे केव्हा लावावेत, माणसे केव्हा हलवावीत हे ठरविता येते. माल बदलला, पाऊस लागलेला कापूस येऊ लागला, की हा अंदाज मोडीत निघतो व मोजणी पुन्हा करावी लागते. घरगुती ढिगासाठी, लेखकाच्या मते, त्या यंत्राऐवजी ओलावामापकच अधिक उपयोगी पडतो. विष पुढे किती होणार हे धुळीपेक्षा ओलावाच अधिक लवकर सांगतो.

ढिगाची निगा

भारतीय कापूस महामंडळ हमीभावाने खरेदी करताना ८ टक्के ओलावा प्रमाण मानते, त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत वजावट करते व त्याहून ओला कापूस घेत नाही. हा नियम भावासाठी केलेला असला तरी घरातील माणसांच्या छातीसाठीही तोच पाळण्यासारखा आहे. ओलावामापक जवळ नसेल तर जुनी परीक्षा करावी. कापसातील सरकी दाताखाली धरली असता कट्‌ असा आवाज होऊन फुटली तर कापूस वाळला असे समजावे. दबली तर वाळला नाही.

वेचणी दव उडून गेल्यावरच सुरू करावी. बोंडाखालचा सुका पाचोळा कापसाबरोबर येऊ देऊ नये; वेचणाऱ्या बायांस मजुरी किलोवर मिळत असल्याने त्यांचा हात घाईचा असतो हे खरे, परंतु स्वच्छ वेचणीस थोडा अधिक दर दिला तर तो पैसा वाया जात नाही. पावसात भिजलेला कापूस व शेवटच्या वेचणीची कवडी चांगल्या कापसात मुळीच मिसळू नये. भिजलेला माल त्याच दिवशी स्वच्छ कापडावर पातळ पसरून वाळवावा; ढीग तापू लागल्यावर वाळविण्याने रंगही परत येत नाही आणि, वर सांगितल्याप्रमाणे, विषही जात नाही. वजन वाढविण्यासाठी कापसावर पाणी मारण्याची जी खोड काही ठिकाणी दिसते, ती ग्राहकाची फसवणूक तर आहेच. पण त्या पाण्यावर पोसलेल्या जिवाणूंचे विष प्रथम पाणी मारणाऱ्याच्याच घरात, आणि नंतर जिनिंगमधील मजुराच्या छातीत जाते.

झोपावयाच्या खोलीत कापूस ठेवू नये. जागाच नसेल तर निदान मुले व दमेकरी माणसे दुसरीकडे निजवावीत आणि मुलांस ढिगावर उड्या मारू देऊ नयेत. शेतावर, गोठ्याजवळ वाढणाऱ्या मुलांत दमा कमी आढळतो व त्यामागे अशाच विषाशी लहानपणी आलेला अल्प संबंध असावा, असे युरोपातील २००२ मधील एका अभ्यासात दिसून आले. त्याचा अर्थ मुलास कापसावर लोळवावे असा कोणी काढू नये. गोठ्याची मोकळी हवा वेगळी आणि बंद खोलीतील उपसलेला ढीग वेगळा.

सर्वांत अधिक धूळ उडते ती ढीग उपसताना व त्यानंतर जमीन झाडताना. त्या दिवशी समोरासमोरची दारे-खिडक्या उघडून, वाऱ्याकडे पाठ करून काम करावे, आणि दर थोड्या वेळाने माणसे बदलावीत. नाकास बांधलेले उपरणे किंवा पदर मोठा कचरा अडवितो, सूक्ष्म कण अडवीत नाही. औषधाच्या दुकानात मिळणारा एन-९५ प्रकारचा मुखपट्टा नाकावर घट्ट बसेल असा वापरावा. खोली रिकामी झाल्यावर जमीन कोरडी न झाडता ओल्या फडक्याने पुसून घ्यावी व पूर्ण सुकू द्यावी. विडी ओढणाऱ्यांस हा विकार अधिक होतो हे गिरण्यांतून दिसून आले आहे. कापसाशेजारी विडी पेटविण्याचा दुसरा धोका सांगावयास नको.

माणसाचा स्वतःचा श्वास हाही एक मापक आहे. फुंकर मारून श्वासाचा जोर दाखविणारी प्लॅस्टिकची एक नळी, जिला पीक-फ्लो मीटर म्हणतात, विजेवाचून चालते. कामावर जाण्यापूर्वी तीनदा व परतल्यावर तीनदा जोराने फुंकून मोठा आकडा वहीत लिहावा. सुटीच्या दुसऱ्या दिवशी सायंकाळचा आकडा सकाळपेक्षा वारंवार खाली येत असेल तर ती वही प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकाऱ्यांस दाखवावी. तेथे केवळ ‘खोकला आहे’ एवढेच न सांगता आपण कापसाचे काम करतो, किती हंगाम केले, आणि छाती कोणत्या दिवशी धरते, हेही सांगावे. पोखर्णीच्या त्या मावशींस अशी एक नळी दिली आहे, आणि त्यांच्या नातीने पहिल्या आठवड्याचे आकडे बाजाराच्या दिवसावर खूण करून लिहून ठेवले आहेत.